स्कूटर चढावर ओढत नाही? बोअर मारायच्या आधी हे करून बघा

पुण्याजवळच्या बोपदेव घाटात माझी २०१२ची ॲक्टिव्हा एका ठरावीक वळणानंतर मान टाकायची. मागे बायको, पायाशी पिशवी, मूठ पूर्ण पिळलेली आणि काटा पंचविसाच्या वर जायला तयार नाही. इंजिनाचा आवाज चढायच्या ऐवजी घुमत खाली यायचा. एका मेकॅनिकने दोन मिनिटं रेस करून ऐकलं आणि निकाल दिला, "पिस्टन गेलाय. बोअर मारू, किट टाकू, रॉकेट होईल." बोअर मारणं म्हणजे सिलिंडरचं भोक आतून घासून मोठं करणं, आणि किट म्हणजे त्यात बसणारा मोठा पिस्टन. मी हो म्हणणारच होतो. पण त्या आठवड्यात त्याच्याकडे गर्दी होती, म्हणून रविवारी सहज डाव्या बाजूचं कव्हर उघडलं. आतले, बेल्टच्या पुलीतले सहाही रोलर (छोटे गोल वजनाचे तुकडे) एका बाजूने घासून चपटे झाले होते. पाचशेच्या आत काम झालं आणि पिस्टन आजही तोच आहे.

गिअरलेस स्कूटर घरी ट्यून करू बघणाऱ्यांना माझं सांगणं तेवढंच. आधी गाडीचं जे हरवलंय ते परत मिळवा, मग नवीन काही वाढवायचं बघा. आणि वाढवायचंच असेल तर सिलिंडरकडे न जाता इंजिनाची ताकद मागच्या चाकाला नेणाऱ्या बेल्टकडे जा.

इथे लिहिलंय ते कार्बोरेटरवाल्या (म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा भाग असलेल्या), फोर-स्ट्रोक, १०० ते १२५ सीसीच्या गिअरलेस स्कूटरसाठी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले आणि नव्या स्कूटरमधून कार्बोरेटर गेला, त्यामुळे त्या गाड्यांना कार्बोरेटरचा भाग लागू नाही. बेल्टचा भाग त्यांनाही जसाच्या तसा लागू आहे. टू-स्ट्रोक, गिअरवाल्या चेतकचं शास्त्र वेगळं. आमच्या वडिलांचं ट्यूनिंग म्हणजे गाडी उजवीकडे आडवी करायची, मनात काहीतरी पुटपुटायचं आणि किक मारायची.

हत्यारं

आठ, दहा, बारा, चौदा नंबरचे सॉकेट आणि टी-पाने, प्लगपाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), बारीक आणि मोठा स्क्रू ड्रायव्हर, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे. एक ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा. व्हेरिएटर (बेल्टची पुढची पुली) धरायचा होल्डर. टॉर्क पाना महाग वाटला तर कोणाचा तरी मागून आणा, पण त्याच्याशिवाय बेल्टच्या बाजूला हात लावू नका. का, ते पुढे येईलच. आणि तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल हवं. कोणत्या नटाला किती टॉर्क, टॅपेटला (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरच्या मधे) किती फट, हे आकडे त्यातूनच घ्यायचे. मित्राच्या गाडीचे आकडे तुमच्या गाडीला चालतील असं नाही.

काम हवेशीर जागी करायचं. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, त्यामुळे बाथरूमचा गॅस गिझर शेजारी असलेल्या पॅसेजमध्ये कार्बोरेटर उघडणं म्हणजे वेडेपणा. जवळ वाळूची बादली ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, म्हणजे कोणाचा हात चुकून सेल्फच्या बटणाला लागला तरी तुमची बोटं शाबूत राहतील.

एक वहीही लागते. आज काय बदललं, किलोमीटर किती, परिणाम काय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी पितळी नळी) आणि रोलर एकाच दिवशी बदलले आणि गाडी बिघडली, तर दोषी कोण हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आधी फुकटातलं

डबल स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा. दोन-तीन फेऱ्या सुटसुटीत फिरायला हवं. जड फिरत असेल तर ब्रेक शू घासतोय. टायरमधली हवा बघा. निम्म्या लोकांची "पिकअप मेला" ही तक्रार इथेच संपते.

मग एअर फिल्टर. बऱ्याच स्कूटरना तेल पाजलेला कागदी फिल्टर असतो. तो धुवायचा नाही, त्याला कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही. काळवंडला की बदलायचा. हवा मारून "साफ" केलेल्या फिल्टरमधलं तेल उडून जातं आणि मग बारीक धूळ सरळ सिलिंडरमध्ये. फोमचा फिल्टर असेल तर तो मात्र धुऊन, वाळवून, हलकं तेल लावून परत बसवता येतो.

प्लग काढायच्या आधी आजूबाजूची माती फुंकून घ्या, नाहीतर ती आत पडेल. काढल्यावर रंग बघा. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तपकिरी असेल तर उत्तम. काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी येतेय. पांढरटफटक असेल तर हवा जास्त, इंजिन तापतंय. ओला, तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे संशयाची सुई. नवा प्लग आधी बोटांनीच फिरवत आत न्यायचा. अडला की थांबायचं, उलट फिरवून पुन्हा लावायचा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर शंभराच्या प्लगपायी हजारोंचं काम निघतं. बसल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा, बास. इरिडियम प्लगने ताकद वाढते असं कोणी म्हटलं तर हसून मान डोलवा. तो जास्त टिकतो, एवढंच खरं.

ऑइल बदला. गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा असतो, इंजिन ऑइलमध्ये बुडलेला नसतो. म्हणून डब्यावर जासो एमबी (जपानी मानकातली कोरड्या क्लचला चालणारी श्रेणी) लिहिलेलं स्कूटरचं ऑइल चालतं. बाइकला एमए लागतं, कारण तिथे क्लच ऑइलमध्येच असतो. मागच्या चाकाजवळच्या गिअर ऑइलचा तर अनेकांना पत्ताच नसतो. जेमतेम शंभर-सव्वाशे मिली असतं, पण वर्षानुवर्षं कोणी बदलत नाही.

टॅपेट

इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. टॅपेट कव्हर आणि फॅनचं कव्हर काढा. प्लग काढून ठेवला की इंजिन हाताने फिरवणं सोपं जातं. फ्लायव्हीलवरची टी खूण समोरच्या खुणेशी जुळवा आणि दोन्ही रॉकर हाताने हलवून बघा. दोन्ही किंचित खुळखुळत असतील तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आहे. एखादा घट्ट असेल तर तुम्ही चुकीच्या फेऱ्यावर आहात, अजून एक पूर्ण फेरा द्या.

मॅन्युअलमध्ये दिलेल्या जाडीचं फिलर पान रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधून सरकवा. वहीत दाबून ठेवलेला कागद ओढताना जेवढा विरोध जाणवतो, तेवढा जाणवायला हवा. नट घट्ट करताना फट बदलते, म्हणून घट्ट केल्यावर पुन्हा मोजायचं. मला पहिल्या वेळी हे चार वेळा करावं लागलं होतं.

लोक टॅपेटच्या टकटक आवाजाला घाबरतात आणि मेकॅनिकला सांगून घट्ट करून घेतात. घाबरायचं असेल तर उलट गोष्टीला घाबरा. सैल टॅपेट आवाज करतो, घट्ट टॅपेट गप्प राहून व्हॉल्व्ह जाळतो. घट्ट असला की गरम गाडी चालू व्हायला त्रास देते, कॉम्प्रेशन गळतं आणि लोकांना वाटतं पिस्टन गेला.

पिस्टनचा संशय फिटतच नसेल तर कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारा काटा) लावा, बॅटरीची वायर परत जोडा, मूठ पूर्ण उघडून सेल्फ मारा आणि आकडा लिहून ठेवा. कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग झिजल्यात, जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह गळताहेत. बोअर मारायचा निर्णय या दोन आकड्यांवर घ्यायचा, कोणाच्या कानावर नाही.

कार्बोरेटर

सकाळी फक्त चोकवर चालू होते आणि चोक सोडला की बंद पडते? स्लो जेट, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल सोडणारा छोटा जेट, तुंबलाय. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये (खालच्या वाटीत) तळाला पाण्याचे थेंब मी काचेच्या वाटीत काढून बघितलेत.

बाऊल काढा, जेट काढा, स्प्रे मारा, उजेडाकडे धरून भोक बघा. भोकात सुई घालायची नाही, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार पुरते. वरच्या झाकणाखाली काळा रबरी पडदा असतो, त्याला स्प्रे लागू देऊ नका, रबर फुगतं. हा पडदा उजेडात ताणून बघा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता भाग) नीट उचलत नाही आणि गाडी ओढत नाही. झाकण परत लावताना पडद्याची कड खाचेत नीट बसली नाही तरी तोच प्रकार.

मिश्रणाचा स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काही बदलण्याआधी हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते वहीत लिहा. मग तेवढेच फेरे बाहेर. आता तुमच्याकडे परतीची वाट आहे. गाडी दहा मिनिटं फिरवून आणा. इंजिन गरम असताना स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत जिथे आयडलिंग सगळ्यात उंच आणि गुळगुळीत होतं ती जागा शोधा, मग आयडलच्या स्क्रूने इंजिनाचे फेरे मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर पेट्रोल वाढतं, फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा वाढते. हे उलटं धरून अर्धा दिवस घालवणारे मी बघितलेत (आरशातसुद्धा).

काही केल्या आयडलिंग वरखाली होत असेल तर कार्बोरेटर आणि इंजिनमधला रबरी मॅनिफोल्ड बघा. चिरलेला असेल तर पाण्याचा बारीक फवारा मारल्यावर क्षणभर आवाज बदलतो.

एक स्वस्त युक्ती. ट्यूनिंगनंतर पीयूसी काढून घ्या. त्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे छापलेले असतात, मर्यादा शेजारी. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेला टेकलं असेल तर मिश्रण जाड आहे, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. एवढ्या पैशात गॅस ॲनालायझर दुसरीकडे कुठेच वापरायला मिळत नाही.

बेल्टची बाजू

आता खरी गंमत. क्रँकच्या टोकाला पुढची पुली, म्हणजे व्हेरिएटर. तिच्या पोटात खोबण्यांमध्ये सहा रोलर. इंजिनाचे फेरे वाढले की रोलर बाहेर फेकले जातात आणि पुलीची एक थाळी दुसरीकडे ढकलतात. त्यामुळे बेल्ट पुढे वर चढतो आणि मागच्या पुलीत खोल उतरतो. हेच तुमचं गिअर बदलणं. चढ लागला, फेरे पडले की मागच्या पुलीची स्प्रिंग बेल्टला वर ओढते आणि रोलरनी परत आत यायचं असतं. माझे चपटे झालेले रोलर परत येतच नव्हते. घाटात मी टॉप गिअरमध्ये चढत होतो म्हणा ना.

कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि बोल्ट जिथला तिथे टोचून ठेवा. आत काळी पूड असेल, ती फुंकू नका. क्लच लायनिंगची पूड फुप्फुसात जाण्यासारखी नसते. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा.

व्हेरिएटरचा नट सोडताना पंख्याच्या पात्यांमध्ये स्क्रू ड्रायव्हर अडकवून पुली धरणं हा सार्वत्रिक प्रकार आहे. पातं तुटतंच. होल्डर वापरा. नट निघाला की पुली उलटी न करता एकत्र धरून बाहेर काढा, नाहीतर रोलर घरंगळतील आणि कोणता कसा बसला होता ते कळणार नाही. उघडल्याबरोबर फोटो काढा. रोलरला एक बंद आणि एक उघडी बाजू असते, सगळे एकाच पद्धतीने बसलेले दिसतील, तसेच परत बसवायचे.

रोलर टेबलावर बोटाने फिरवा. गोल असेल तर घरंगळत जाईल, चपटा असेल तर अडखळेल. खोबणीत खाच पडली असेल तर नुसते रोलर बदलून उपयोग नाही. व्हेरिएटरमध्ये रोलरच्या मागे असलेल्या थाळीच्या कडांवरचे प्लास्टिकचे तीन स्लायडर विसरू नका, खडखड बहुतेक वेळा त्यांचीच असते. बेल्ट उलटा वाकवून दातांच्या मुळाशी भेगा बघा आणि रुंदी मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. जोडताना पुलीच्या तोंडाला ग्रीस, ऑइल काही नको. हातसुद्धा पुसलेले हवेत.

आणि आता ती चूक, जी मी केली. परत जोडताना मागच्या पुलीच्या थाळ्या हाताने फाकवून बेल्ट आत खोल दाबायचा असतो, म्हणजे पुढे तो सैल लोंबतो. मी तसं न करता पुढची थाळी लावून नट आवळला. बेल्ट दोन थाळ्यांच्या मध्ये चिमटला होता. नट घट्ट वाटला, पण तो बेल्टवर घट्ट होता, मधल्या बुशवर (थाळ्यांमधल्या धातूच्या नळीवर) नाही. गाडी चालू झाली, बेल्ट सरकला, नट ढिला पडला आणि दोन दिवसांत थाळीने क्रँकचे दाते खाल्ले. क्रँक बदलायचा म्हणजे पूर्ण इंजिन उघडायचं. बोअर वाचवून मिळवलेले पैसे मी असे घालवले. तेव्हा नट आवळण्याआधी थाळी हाताने दाबून बुशला टेकल्याची खात्री करा, बेल्ट सैल आहे ना बघा, मगच टॉर्क पाना.

वजन बदलून बघणं

हाच तो अपग्रेड, जो खिशाला आणि इंजिनालाही झेपतो. हलक्या रोलरना थाळी ढकलायला जास्त फेरे लागतात, म्हणून गाडी जास्त वेळ खालच्या गिअरमध्ये राहते. पिकअप आणि चढ सुधारतो, ॲव्हरेज थोडं पडतं, आवाज वाढतो. जड रोलर याच्या उलट. टॉप स्पीड दोन्हीने फारसा हलत नाही.

मूळ रोलरचं वजन काट्यावर घ्या, पण नव्या सेटचं. झिजलेल्याचं वजन खोटं बोलतं. नाना पेठेत स्पेअरच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "जुना रोलर आणलाय का?" मी म्हटलं, "नाही, पण ॲक्टिव्हाचा द्या." ते म्हणाले, "कोणत्या सालच्या? व्यास, रुंदी, वजन, तिन्ही सांगा, नाहीतर जुना घेऊन या. अंदाजाने दिलेला माल परत घेत नाही मी." तेव्हापासून एक जुना रोलर माझ्या डिक्कीत कायम असतो.

एका वेळी प्रत्येकी एक ग्रॅम, फार तर दीड. हवं ते वजन मिळालं नाही तर दोन वजनांचे तीन-तीन रोलर एकाआड एक लावता येतात. समजा तीन पंधरा ग्रॅमचे आणि तीन तेरा ग्रॅमचे, तर एकूण ८४ ग्रॅम, म्हणजे सरासरी चौदा. एकाआड एक लावायचं विसरलात तर पुली थरथरेल.

मोजायचं कसं? एकाच सपाट, मोकळ्या रस्त्यावर, तेवढ्याच वजनासह, २० ते ५० वेग गाठायला किती सेकंद लागतात ते मागे बसलेल्याला फोनवर मोजू द्या. दोन्ही दिशांना, तीन-तीनदा. ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल. आणि एक ठरलेला चढ. माझ्या वहीत एक ग्रॅम हलक्या रोलरची नोंद अशी आहे: "बोपदेव, डबल सीट, ४० वर टिकली. ॲव्हरेज दोनाने कमी." मला परवडलं. तुम्ही रोज सपाट रस्त्यावर एकटेच जात असाल तर मूळ वजनच ठेवा. जाड स्प्रिंगा, रंगीत क्लच यांचा मोह टाळा. रोलर समजल्याशिवाय स्प्रिंग बदलली तर नुसते फेरे वाढतात आणि बेल्ट तापतो.

बोअर किट आणि सायलेन्सर

१०९ सीसीच्या ॲक्टिव्हाचा बोअर ५० मिमी, स्ट्रोक ५५.६. बोअर दोन मिमी वाढवलात तर गणिताने ११८ सीसी होतात, म्हणजे आठ टक्के. त्यासाठी जेट बदला, उष्णता वाढवा, आरसीवरचा आकडा खोटा ठरवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा असा बदल करता येत नाही. कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते. झिजलेल्या सिलिंडरला पाव मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकणं ही दुरुस्ती, ती वेगळी गोष्ट. ठोकणारा सायलेन्सर आणि उघडा कोन फिल्टर यांनी आवाज वाढतो, मिश्रण पातळ होतं आणि पहिल्याच पावसात फिल्टर पाणी पितो.

जोडून झाल्यावर

फॅनचं प्लास्टिक कव्हर परत लावलंत ना? एवढ्याशा कामासाठी म्हणून ते बाहेर ठेवून गाडी फिरवणारे असतात. या इंजिनाला थंड करणारी हवा त्या कव्हरमधूनच वळते. सिलिंडरच्या पंखांमधला चिखलही जाता जाता खरवडून काढा. कव्हर उघडं ठेवून बेल्ट फिरताना बघायची हौस नको, पोरं जवळ असतील तर मुळीच नको.

नवा बेल्ट पहिले काही किलोमीटर रबराचा वास देतो, घाबरू नका. पन्नास किलोमीटरनंतर, गाडी थंड झाल्यावर, कव्हर पुन्हा उघडून नटावर आधी मार्करने मारलेली रेघ जागेवर आहे का ते बघा. हो, आवळून झाल्यावर नटावर आणि क्रँकच्या टोकावर मिळून एक रेघ मारायची असते. हलली असेल तर गाडी तिथेच ठेवा आणि मागच्या पुलीपासून पुन्हा सुरुवात करा.